दृष्टिदानाचा नवा धागा

डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पटलाला स्वच्छमंडल अथवा कॉर्निया म्हणतात. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पटलावर व्रण उरला, की बाकीचा डोळा निर्दोष असूनही माणूस आंधळा होतो. यावरील उपाय शतकाहून जुना आहे. १९०५ साली ओलोमोउत्स येथे एदुआर्द झिर्म या शल्यविशारदाने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर मानवी स्वच्छमंडलाचे यशस्वी आरोपण केले. पुढे शस्त्रक्रिया सुधारत गेली, पण दात्यांची उणीव कायम राहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत सत्तर गरजूंमागे एकच पटल उपलब्ध असल्याचे दिसून आले.

ही तूट केवळ आवाहनांनी भरून निघेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणूनच प्रयोगशाळेतील एका वेगळ्या प्रयत्नाची दखल घेणे अगत्याचे आहे. स्वच्छमंडलाच्या जाडीचा सुमारे ९० टक्के भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेल्या थरांचा असतो. तंतूंच्या शिस्तबद्ध रचनेमुळे प्रकाश आरपार जातो. जखम भरताना शरीर घाईने जे तंतू विणते त्यांत ही शिस्त नसते, आणि डोळ्यात फूल पडते. ही वीण पुन्हा नीट घालण्यासाठी शास्त्रज्ञांनी पेप्टाइडांचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांचा, आधार घेतला आहे. त्यांतील घटकांचा क्रम असा योजता येतो, की अनुकूल द्रावणात त्या आपोआप एकमेकींना बिलगून तंतू बनतात. शुगुआंग झांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली असे एक उदाहरण जगापुढे मांडले होते.

अशा सांगाड्याचे काम केवळ ठिगळ लावण्याचे नाही. रुग्णाच्याच पेशींनी आत शिरून नवी ऊती घडवावी, ही त्यामागील कल्पना आहे. २०१० साली मे ग्रिफिथ व पेर फागरहोल्म यांनी स्वीडनमधील दहा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कृत्रिमरीत्या बनवलेल्या मानवी कोलॅजेनच्या रोपणात पेशीच नव्हे, तर चेतातंतूही पुन्हा वाढले होते. मात्र अखंड कोलॅजेनचा रेणू मोठा, तो बनवणे खर्चाचे. त्याऐवजी आपणहून तिपेडी वेणीसारखी गुंफली जाणारी आखूड पेप्टाइडे वापरून केलेली रोपणे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात छोट्या जातीच्या डुकरांच्या डोळ्यांत कोलॅजेनच्या तोडीची ठरली.

येथे उतावळेपणा नको. प्राण्यांवरील यश म्हणजे रुग्णालयातील उपचार नव्हे. शिवाय पटलाच्या आतील बाजूस पाणी उपसणाऱ्या पेशींचा जो एकेरी थर असतो, तो निकामी झाल्यास असा सांगाडा पुरत नाही. २०२२ साली भारत व इराणमधील वीस रुग्णांना डुकराच्या कोलॅजेनपासून केलेल्या रोपणाचा लाभ झाला, ही उत्साहवर्धक घटना खरीच. परंतु त्यांचा विकार पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा होता. शेतात काम करताना डोळ्यात कुसळ जाऊन, जंतुसंसर्गाने ज्याचे पटल पांढरे झाले, त्याचा प्रश्न अधिक बिकट आहे.

या संशोधनाची खरी कसोटी त्याच डोळ्यात लागेल. कारखान्यात तयार होणारे पटल गरिबाच्या आवाक्याबाहेर राहिले, तर एका टंचाईची जागा दुसरी टंचाई घेईल. म्हणून आपल्या सार्वजनिक संशोधनसंस्थांनी केवळ चाचण्यांसाठी रुग्ण न पुरवता निर्मितीतही वाटा उचलला पाहिजे. आणि तोवर नेत्रदानाच्या कार्यात तसूभरही ढिलाई होता कामा नये. उद्याच्या पटलाची आशा दाखवून आजच्या अंधाला ताटकळत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.