गाडी कुणाला लागली?

उमरखेडच्या बसस्टँडवर "नांदेड गाडी लागली, चला!" असं कुणी ओरडलं की सगळे पिशव्या उचलून धावत सुटतात. तीच गाडी पैनगंगेचा पूल ओलांडून हदगावच्या पुढं जाते न जाते, तोच मागच्या सीटवरून रडका आवाज येतो, "आई, मला गाडी लागतेय!" आता कुणी धावत नाही. शेजारचे लांब सरकतात आणि आईची प्लॅस्टिकची पिशवी शोधायची धांदल उडते.

गाडी तीच, 'लागणं'ही तेच! आपला मात्र कधी घोटाळा होत नाही.

हीच वाक्यं स्पॅनिशमध्ये करून बघू. स्पेनपासून मेक्सिको, अर्जेंटिनापर्यंत कोट्यवधी माणसं ही भाषा बोलतात. फलाटावरच्या गाडीला तिथं 'एस्ता', म्हणजे 'आहे', एवढं पुरतं. पण गाडी लागणारं मूल म्हणतं, 'मे मारेओ'. यात गाडीचा पत्ताच नाही! उलट 'मार' दडलाय. मार म्हणजे समुद्र बरं का, पाठीवर बसतो तो नव्हे. आधी लोकांना बोट लागायची. पुढं मोटारी आल्या, तरी शब्द समुद्राचाच राहिला. (दुखणंही एकच. कानाच्या आतलं पाणी मेंदूला सांगतं, 'हलतोय', आणि पुस्तकात खुपसलेले डोळे सांगतात, 'छे, सगळं स्थिर आहे'. या भांडणात बिचारं पोट ढवळतं. म्हणून खिडकीतून लांबवर बघावं.)

भूक आणि तहान आपल्याला 'लागतात'. स्पॅनिश माणूस दोन्हींना 'तेंगो' म्हणतो, म्हणजे 'माझ्याकडे आहे'. जणू भूक खिशातच घेऊन फिरतोय! म्हणजे एका 'लागणे'साठी एकच स्पॅनिश शब्द पाठ करून भागत नाही. इंग्रजीचंही तेच. त्यांच्या 'रन'मध्ये माणूस पळतो, मशीन चालतं, नदी वाहते आणि सर्दी झाली की नाकही वाहतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले!

मग भाषांतर करणारं यंत्र नेमका अर्थ कसा पकडत असेल? वॉरन वीव्हर नावाच्या अमेरिकी गणितज्ञानं 1949 साली यावर एक टिपण लिहिलं. त्यातली कल्पना तुम्हाला घरीच करून बघता येईल. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला एका शब्दाएवढी खिडकी कापा. कागदावर 'आज शाळेत जाताना दगडाची ठेच लागली' असं लिहा आणि खिडकीतून फक्त 'लागली' दिसेल असा पुठ्ठा ठेवा. मित्राला अर्थ विचारा. तो म्हणेल, काय लागली? भूक, आग, लॉटरी की वाट? आता खिडकी डावीकडे एका शब्दानं वाढवा. 'ठेच' दिसली आणि प्रश्न मिटला!

वीव्हरचं म्हणणं असं, की खिडकी पुरेशी रुंद केली तर आजूबाजूचे शब्दच अर्थ सांगतात. आजची यंत्रं तर अख्खं वाक्य आणि त्याच्या मागचीपुढचीही वाक्यं बघतात, आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाशी किती जोडलेला आहे याचं गणित मांडतात. तरी 'मला गाडी लागली' एवढंच दिलं तर त्यांचीही पंचाईत. मळमळलं, की सायकलवरून जाताना धक्का बसला? आधीचं वाक्य पाहिल्याशिवाय माझ्या मते तुम्हालाही सांगता येणार नाही.

आणि मधल्या सुट्टीत कुणी नुसतंच "लागली का रे?" म्हणालं तर? आजूबाजूला शब्दच नाहीत! तिथं विचारणाऱ्याची नजर बघायची. तुमच्या गुडघ्याकडे असेल तर ठेच, डब्याकडे असेल तर भूक. आणि डब्यात हात घालूनच विचारत असेल, तर उत्तर नंतर द्या, आधी झाकण लावा.