शाकारणी कोण करणार?

जोतं ते आढं : लेखांक ७

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या चौकात उभं राहून एकदा साळवी स्टॉपच्या दिशेला वर पाहा. खाली गाळे, वर चार-पाच मजले, दर्शनी भागाला काच, आणि बहुतेक इमारतींच्या डोक्यावर निळा नाहीतर लाल पत्रा. मूळ नकाशात हा पत्रा सहसा नसतो, तिथे ‘ओपन टेरेस’ लिहिलेलं असतं. इमारत पहिला पावसाळा निभावते. दुसऱ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते, आणि तिसरा येण्याआधी फॅब्रिकेटर टेप घेऊन गच्चीवर पोचलेला असतो. बाहेरून आलेल्यांना हे विद्रूप वाटतं. आमच्या व्यवसायातलेही काही जण नाक मुरडतात. मला मात्र तो आर्किटेक्टच्या नकाशावर गावाने मारलेला शेरा वाटतो, आणि शेरा बरोबर आहे.

गेले काही आठवडे आपण कातळ, पाया आणि जोतं यांत अडकलो होतो. आज थेट वर चढू. हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे १०० चौरस मीटरच्या साध्या घराच्या छपरावर एका पावसाळ्यात ३ लाख लिटर पाणी येतं. उतरतं छप्पर ते पाणी अंगावर थांबू देत नाही. सपाट स्लॅबला आपण जेमतेम शंभरात एक उतार देतो आणि उरलेली भिस्त ब्रिकबॅट कोब्यावर ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात तापून ताणलेला स्लॅब जूनच्या पहिल्या सरीत आकसतो आणि केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं, आणि समुद्रावरून आलेल्या हवेतलं मीठही जातं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून खालचं काँक्रीट पोपडे धरून सुटतं.

याला उत्तर पुस्तकात आहे. आयएस ४५६ या मानकात सौम्य हवामानासाठी सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण चालतं. किनाऱ्यावरच्या उघड्या हवेसाठी तेच ४५ मिलिमीटर आणि काँक्रीट किमान एम-३० दर्जाचं हवं. प्रत्यक्ष साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचा तुकडा सरकवलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. स्लॅब ओतताना कोणी त्यावरून चालत गेलं की तुकडा निसटतो, सळई फळीला टेकते आणि आवरण शून्य होतं. पण आजचा विषय मानकाचा नाही. मानक पाळूनही छप्पर दुरुस्तीला येतंच. ते दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न आहे.

पूर्वी याचं उत्तर प्रत्येक घराकडे होतं. एप्रिल-मेमध्ये शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, फुटलेली बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची, कोनवाशाजवळची वाळवी झाडायची आणि कौलं परत चढवायची. घरातला एखादा हलक्या अंगाचा पुतण्या आणि गावातले दोन गडी एवढ्यावर काम भागे. आधीचे नळे असोत की १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनचा कारखाना निघाल्यानंतर किनाऱ्याने पसरलेली मंगलोरी कौलं असोत, तत्त्व एकच होतं. छप्पर सुट्या तुकड्यांचं, तुकडा हाताने बदलता येण्याजोगा, आणि बदलणारा माणूस घराच्या हाकेवर. टिळक आळीत लोकमान्यांचा जन्म १८५६ मध्ये ज्या घरात झाला ते आज स्मारक म्हणून जपलं आहे. तिथे गेलात तर तसबिरींबरोबर डोक्यावरची उतरती कौलंही पाहा.

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये कैदी म्हणून इथे आणला गेला. त्याचा राजवाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं. नृत्यदालनाला संगमरवरी फरशी, अर्धवर्तुळाकार नक्षीदार लाकडी खिडक्या, सगळा राजेशाही थाट, पण माथ्यावर उतरतं छप्पर. इथल्या पावसाने राजाचीही गय केली नसती. थिबा १९१६ मध्ये वारला आणि पुढे कुटुंबही गेलं. राहणारा माणूस गेलेल्या एवढ्या मोठ्या छपराचा सांभाळ सरकारकडे आला. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे.

माझ्या टेबलावर येणारं काम ढोबळ मानाने तीन प्रकारचं असतं : घर, गाळे आणि गावाची इमारत. कॉलेजात हे तीन वेगळे विषय म्हणून शिकवतात, जिन्याची रुंदी, पार्किंग, स्वच्छतागृहांची संख्या यांवरून. रत्नागिरीत काम करता करता माझी वर्गवारी बदलली. मी आता विचारतो, वीस वर्षांनी मे महिन्यात या छपरावर कोण चढणार आहे? उत्तर मिळालं की अर्धा नकाशा ठरतो.

घराचं आधी बघू. घर बांधणारा निम्म्या वेळा मुंबईकर असतो, निवृत्तीला आलेला. सातबाऱ्यावर चुलत्यांसकट नावांची रांग, वाटणी नुकतीच मिटलेली, आणि मनात एक चित्र : चिऱ्याच्या उघड्या भिंती, पुढे पडवी, झोपाळा. म्हणतो, “साहेब, आम्ही येऊन-जाऊन गणपती, शिमगा आणि मेचे पंधरा दिवस. तुम्ही मेंटेनन्स-फ्री करा.” मी विचारतो, “काका, किल्ली कोणाकडे असणार?” या प्रश्नाने लोक जरा चमकतात. बंद घराचा शत्रू पाऊस एकटा नसतो. कोंडलेली हवा, बुरशी आणि वाळवीही असतात. शेजारची वहिनी महिन्यातून एकदा दारं उघडणार असेल तर लाकूड वापरता येतं. किल्लीही दादरलाच असेल तर लाकडी माळा, लाकडी वासे आणि कपाटाच्या मागची भिंत यांबद्दल आधीच बोलून घ्यावं लागतं.

चिऱ्याचंही तसंच. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तो पाणी पितो, हे मात्र विसरलं जातं. मानकानुसार चांगल्या जांभ्यानेसुद्धा वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं चालतं. जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी आणि खाली उतरलेली वळचण होती, म्हणून त्या भिंती उघड्या राहू शकल्या. नैर्ऋत्येच्या बाजूला तर पावसाळ्यापुरते झाप बांधत. आता पडवी फक्त पुढे, फोटोत येईल तेवढी, आणि बाकी तीन बाजूंच्या उघड्या चिऱ्याला चकचकीत पॉलिश. पॉलिशच्या आड अडकलेलं पाणी आतल्या बाजूने बाहेर येतं आणि हॉलच्या भिंतीवर नकाशे उमटतात. विटांच्या भिंतीवर चिऱ्याचे पातळ काप चिकटवून ‘कोकणी लूक’ करणाऱ्यांविषयी काही न लिहिलेलंच बरं.

आणि कौलं? मला कौलारू छप्पर आवडतं, पण आग्रह मी हल्ली धरत नाही. शाकारणी करणारे हात गावात उरले नाहीत. चिरेकामालाही बरेचसे गवंडी कर्नाटकातून येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यात माकडं. आंब्याच्या बागेतून उडी मारून टोळी छपरावर आली की वीस-पंचवीस कौलं सहज जातात, आणि मुंबईत बसलेल्या मालकाला ते गणपतीत कळतं. म्हणून अशा घराला मी स्लॅब देतो, पण उतरता, किंवा सपाट स्लॅबवर पहिल्या दिवसापासून आखलेलं पत्र्याचं छप्पर. वरची सावली स्लॅब तापू देत नाही, मधून वारा फिरतो, आणि खाली पापड-कुरडयांपासून शिमग्याला आलेल्या वीस पाहुण्यांच्या अंथरुणांपर्यंत सगळ्याची सोय होते.

‘पहिल्या दिवसापासून’ हे शब्द महत्त्वाचे. मागाहून चढवलेल्या पत्र्याचे खांब स्लॅबला भोकं पाडून बोल्टने बसवतात. गळती थांबवायला आणलेल्या छपराने नवी गळती सुरू होते. शिवाय वारा पत्र्याला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो, हे लक्षात घेतलेलं नसतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे किती छपरं उडाली ते आपण पाहिलं. छपराचा खांब कॉलमच्या सळईतून वर आला पाहिजे, कैची त्याला जखडलेली पाहिजे, आणि कडेच्या ओळीत हुक मधल्यापेक्षा जवळजवळ पाहिजेत. खर्चात फरक थोडा पडतो, पण तो नकाशाच्या टेबलावरच ठरवावा लागतो.

गाळ्यांच्या इमारतीला किल्ली सांभाळणारी वहिनीही नसते. राम आळीतल्या जुन्या दुकानांत खाली पेढी आणि वर बिऱ्हाड, त्यामुळे छप्पर गळलं तर दुकानदाराच्याच अंथरुणावर गळे. आता बिल्डर गाळे विकून मोकळा होतो. रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर ५ वर्षं असते, म्हणजे पाच पावसाळे. सहाव्या पावसाळ्यात गच्ची कोणाची? तळमजल्याचा मेडिकलवाला म्हणतो, माझ्याकडे गळत नाही. वरच्या मजल्यावरचा क्लासवाला भाडेकरू. गच्चीवर सगळ्यांच्या टाक्या आणि एसीचे बाहेरचे डबे, आणि प्रत्येकाच्या माणसाने पाडलेली भोकं. संस्था नोंदलेली असते, पण वर्गणी निघते ती लिफ्ट बंद पडल्यावर.

इथे माझा नियम असा की कोणाच्याही गाळ्यात न शिरता दुरुस्ती करता आली पाहिजे. पावसाचे पाइप बाहेरून आणि उघडे, भले दर्शनी भाग जरा बिघडो. गच्चीवर जाणारा जिना सामाईक आणि पायऱ्यांचा, भिंतीतली लोखंडी शिडी नव्हे. एसीच्या डब्यांसाठी प्रत्येक गाळ्याला आधीच ठरलेली जागा. दुकानांपुढे खोल पडवी, कारण आपल्याकडे पाऊस आडवा येतो आणि दोन फुटी छज्जा त्याला अडवत नाही. पडवी दिली नाही तर जूनमध्ये दुकानदार निळी ताडपत्री बांधतोच. बिल्डरला पडवी म्हणजे विकता न येणारी जागा वाटते. चार वेळा सांगितलं की कधीतरी एकदा ऐकतात. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मीटर आणि जनरेटर कुठे ठेवायचे, हे सांगणं थोडं सोपं झालं आहे, एवढीच त्यातली जमेची बाजू.

उरली गावाची इमारत : देऊळ, समाजमंदिर, वाचनालय, सभागृह. रत्नागिरीत असं काम करणाऱ्याने पतितपावन मंदिराचा इतिहास ठाऊक ठेवावा. सावरकर इथे स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशाने ते बांधलं, आणि २२ फेब्रुवारी १९३१ ला ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं झालं. कोणी कुठपर्यंत आत यायचं, हा प्रश्न तिथे रचनेच्या आधी सुटलेला होता. शिवाय देणगीदार स्वतः मुंबईत नाव मिळवलेला बांधकाम कंत्राटदार. पैसा देणारा आणि बांधकाम कळणारा माणूस एकच, असा योग आम्हाला सहसा लाभत नाही.

आमच्या वाट्याला समिती येते. गावकर, मानकरी, मुंबई मंडळाचे अध्यक्ष, आणि शेवटच्या रांगेत बसलेला, गावातल्या पालखीच्या सगळ्या वाटा तोंडपाठ असलेला एक माणूस. मी त्या शेवटच्याकडे आधी जातो. शिमग्याला पालखी देवळातून निघून सहाणेवर जाते, खांद्यावर नाचत. दांड्याची लांबी आणि वळायला लागणारी जागा यांवर सभामंडपाचं दार आणि खांबांमधलं अंतर ठरतं. हे न विचारता बांधलेल्या सभामंडपांत पालखी तिरकी करून काढावी लागते आणि दरवर्षी वाद होतो.

छपराची गोष्ट मात्र इथे सगळ्यात अवघड. देणगी दिसणाऱ्या वस्तूला मिळते : कळसाला, कमानीला, फरशीला. प्रत्येकावर नावाची पाटी. पन्हळीला आणि शौचालयाला कोणी पैसे देत नाही. एका गावाच्या जीर्णोद्धाराच्या बैठकीत हे बोललो तेव्हा खजिनदार हसत म्हणाले, “साहेब, पन्हळीवर नाव कोण वाचणार?” तेव्हापासून देणग्यांची यादी करताना मी पन्हळ आणि पावसाचे पाइप स्वतंत्र बाब म्हणून दाखवत नाही. कमानीच्या किंवा सभामंडपाच्या रकमेतच ते बसवतो, आणि पाटी कमानीवरच लागते. कोणाची तक्रार आलेली नाही.

दुसरी अट मी इमारत ताब्यात देण्यापूर्वी घालतो. जमलेल्या निधीतली काही रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून राहील, आणि तिचं व्याज फक्त मे महिन्यात छपरावर खर्च होईल, असा ठराव ग्रामस्थांच्या सभेत लेखी करून घ्यायचा. सगळी गावं ऐकत नाहीत. कळस आणखी दोन फूट उंच करायला ती रक्कम वापरलेलीही मी पाहिली आहे. पण जिथे ठराव झाला तिथे दरवर्षी अक्षय्यतृतीयेच्या आसपास कोणीतरी शिडी लावतं, पन्हळीतला पालापाचोळा काढतं आणि पावती खजिनदाराकडे देतं.

(पुढील आठवड्यात : विहीर, साठवणीची टाकी आणि मे महिन्यातलं पाणी)