पाळणाघरात बाळ ठेवण्याआधी हे बघा

रेवदंडा : आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या एका पाळणाघरात नोव्हेंबर २०१६ मध्ये १० महिन्यांच्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईने मारहाण केली. सीसीटीव्हीत सगळं दिसलं. कॅमेरा होता, तरी मार चुकला नाही. म्हणून नुसत्या कॅमेऱ्यावर भुलू नका.

न सांगता भर दुपारी जाऊन बघा. एका बाईकडे किती पोरं आहेत ते मोजा. आत येऊ देत नसतील तर तिथे ठेवूच नका.

पहिले काही दिवस बाळ रडतंच. पण रुळलेलं बाळ अचानक दार बघून किंचाळायला लागलं, झोपेत दचकायला लागलं तर सावध व्हा. आंघोळीच्या वेळी पाठ, कान, मांड्या बघा. जे अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग येईलच कशाला? फोटो काढा, लगेच डॉक्टरांना दाखवा आणि १०९८ ला फोन करा. पैसे पडत नाहीत.