घरचा कॅमेरा फोनवर अडकतोय? आधी अपलोड तपासा

आई फोन उचलत नाही. बंगळुरूला असलेली मुलगी मोबाईलवर घरच्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडते आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागतं. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस सेकंद. एकदाचं चित्र येतं, आईची रिकामी खुर्ची दिसते आणि तिथेच सगळं गोठतं. आई शेजारी हळदीकुंकवाला गेलेली असते, पण तेवढ्या वेळात मुलीच्या मनात काय काय येऊन जातं ते वेगळं सांगायला नको.

आमच्या रायपूरच्या मराठी घरांत हा अनुभव नवा नाही. नागपूरकर भोसल्यांचं छत्तीसगडवरचं राज्य १८५४ मध्ये संपलं, पण मराठी माणसं इथेच रुजली. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं आहे. आता पुढची पिढी नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, कुणी थेट अमेरिकेत. घरी आई-बाबा आणि बाहेर चार कॅमेरे. हे कॅमेरे चोरांसाठी कमी आणि मुलांच्या जिवाला स्वस्थता म्हणून जास्त लावलेले असतात. त्यामुळे चित्र अडकलं की त्रास फक्त तांत्रिक राहत नाही.

अशा वेळी पहिला संशय मोबाईलवर जातो, दुसरा कॅमेऱ्यावर. कॅमेरेवाला म्हणतो, ‘जुना झाला, नवीन घ्या.’ पण पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट बघा, कारण अनेकदा खरी अडचण तिथे असते. ती म्हणजे घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग.

आपण सिनेमा बघतो तेव्हा माहिती बाहेरून घरात येते, म्हणजे डाउनलोड. बाहेरगावाहून कॅमेरा बघताना उलट होतं. चित्र घरातून बाहेर जातं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. सरकारी व्याख्येचंही तसंच आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाली, पण तीही डाउनलोडचीच.

आता हिशेब करा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा जुन्या एच २६४ पद्धतीने स्वच्छ चित्र पाठवतो तेव्हा साधारण ४ एमबीपीएस लागतात. चारही एकदम उघडले तर १६. एच २६५ असेल तर जवळपास निम्मे. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड चांगला मिळतो, पण सिमकार्डवर चालणारा राउटर असेल तर तो बराच कमी असतो आणि संध्याकाळी सगळे घरी आले की आणखी घसरतो.

गंमत म्हणजे चित्र नेमकं गरजेच्या वेळीच अडकतं, आणि त्यालाही कारण आहे. ‘आई फोन उचलत नाहीये’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर पडला की मुलगा, मुलगी, जावई, सून सगळेच अ‍ॅप उघडतात. साधारणपणे बघणाऱ्या प्रत्येकासाठी घरातून वेगळं चित्र निघतं. चार जण म्हणजे चौपट अपलोड. तेव्हा एकानेच बघायचं आणि बाकीच्यांना ग्रुपवर सांगायचं, एवढं ठरवलं तरी फरक पडतो.

नेमकं कुठे अडकतंय?

चित्राचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे. कॅमेऱ्यापासून राउटरपर्यंत, राउटरपासून इंटरनेटवर आणि तिथून तुमच्या फोनपर्यंत. कुठला टप्पा आजारी आहे हे शोधायला मेकॅनिक लागत नाही. घरच्याच वाय-फायवर असलेल्या आईच्या फोनवर अ‍ॅप उघडायला सांगा. तिथेही अडकत असेल तर दोष बहुधा घरातल्या वाय-फायचा किंवा कॅमेऱ्याचा. घरी छान चालतं आणि बाहेर अडकतं, तर अपलोड किंवा मधला रस्ता. तुमच्या मोबाईल डेटावर अडकतं पण ऑफिसच्या वाय-फायवर चालतं, तर घरच्यांना उगाच त्रास देऊ नका, अडचण तुमच्याकडे आहे.

अपलोड मोजण्यासाठी आईला ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडायला सांगा. पहिला मोठा आकडा डाउनलोडचा असतो, त्याखाली अधिक माहितीचं बटण दाबल्यावर अपलोड दिसतो. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. कंपनीकडे तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा हे आकडे जास्त कामाला येतात.

फुकटातला सगळ्यात चांगला उपाय अ‍ॅपमध्येच असतो. बहुतेक कॅमेरे दोन प्रकारचं चित्र तयार करतात, एक मोठं आणि एक हलकं. सेटिंगमध्ये त्यांना मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीम म्हणतात. अ‍ॅपमध्ये एचडी आणि एसडी असं बटण दिसतं. हलकं चित्र साधारण अर्ध्या एमबीपीएसमध्ये किंवा त्याहून कमीत भागतं. आई स्वयंपाकघरात आहे की नाही हे कळायला तेवढं पुरतं. घरच्या हार्ड डिस्कवरचं रेकॉर्डिंग मोठ्याच चित्राचं होत राहतं, म्हणून घाबरायचं कारण नाही.

दुसरी सेटिंग फारशी कुणी सांगत नाही. व्हिडिओमध्ये दर वेळी पूर्ण चित्र जात नाही. एक पूर्ण चित्र जातं आणि मग फक्त झालेले बदल. तुम्ही अ‍ॅप उघडता तेव्हा पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत थांबावं लागतं. हार्ड डिस्क वाचवण्यासाठी स्मार्ट कोडेक किंवा एच २६५ प्लस सुरू केलेलं असेल तर हे अंतर बरंच लांबतं आणि चक्र फिरत बसतं. ते बंद करा आणि आय फ्रेम इंटरव्हल हा आकडा फ्रेम रेटइतका किंवा त्याच्या दुप्पट ठेवा. सेकंदाला १५ फ्रेम असतील तर १५ किंवा ३०. म्हणजे दर एक-दोन सेकंदांनी पूर्ण चित्र मिळतं. हे बदल सब स्ट्रीमसाठीही करायला विसरू नका.

कूलर, भिंती आणि मे महिना

घरातल्या घरात अडकत असेल तर राउटर आणि कॅमेऱ्याच्या मध्ये काय आहे ते बघा. जुन्या घरांच्या जाड भिंती तर आहेतच, पण रायपूरमध्ये खिडकीतल्या कूलरकडेही लक्ष द्या. लोखंडी पत्रा आणि आत पाण्याची टाकी, दोन्ही वाय-फायचे शत्रू. हिवाळ्यात नीट चालणारा गेटवरचा कॅमेरा कूलर बसवल्यावर रुसला, तर कारण हेच असू शकतं. राउटर टीव्हीच्या कपाटात कोंबलेला असेल तर उन्हाळ्यात तो तापून वेग कमी करतो किंवा स्वतःच बंद-चालू होतो. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, तेव्हा त्यालाही मोकळी हवा हवी.

२.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांत न मिसळणारे आहेत. शेजारच्या सगळ्यांचं ६ वर असेल तर तुम्ही १ किंवा ११ घ्या. शक्य असेल तिथे मात्र सरळ केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि कूलरला जुमानत नाही. आणखी एक, रेकॉर्डर इन्व्हर्टरवर असतो पण फायबरचा डबा विसरला जातो. वीज गेली की रेकॉर्डिंग चालू, पण तुम्हाला काहीच दिसत नाही.

मधला रस्ता थोडा किचकट आहे. इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच आटला. त्यामुळे कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. अ‍ॅपला तुमचं घर थेट सापडलं नाही की चित्र कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतं. तिथे गर्दी असेल तर वेग घटतो. राउटर आणि कॅमेऱ्यात आयपीव्ही ६ ची सोय असेल तर ती सुरू करून बघा. अ‍ॅपमधल्या खात्याचा देश भारतच आहे ना, तेही तपासा. परदेशातून बघताना एक-दोन सेकंदांचा उशीर मात्र राहणारच, तो दोष नाही.

इथे कुणी म्हणेल, ‘पोर्ट उघडून देतो, सुसाट चालेल.’ नको म्हणा. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलेच पासवर्ड असलेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर काबीज केले आणि त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास विस्कळीत केल्या. आपल्या घराचा दरवाजा तसा उघडा ठेवायचा नसतो. पासवर्ड आजच बदला.

अपलोड खरंच तुटपुंजा असेल तर लाइव्ह चित्रावर विसंबू नका, हालचाल झाली की फोटोसह येणारी सूचना सुरू करा. एका फोटोला फारसा डेटा लागत नाही. आणि एका कागदावर इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक, राउटर बंद-चालू करायचं बटण कुठे आहे ते, शेजाऱ्यांचा नंबर आणि ११२ असं ठळक लिहून राउटरशेजारच्या भिंतीवर चिकटवा. शेजाऱ्यांचा नंबर तुमच्याही फोनमध्ये असू द्या. कॅमेरा सुरू होईपर्यंत शेजारच्या काकू दोनदा जाऊन बघून येतात.