परसातील बदकपालन आणि पाण्याचे व्यवस्थापन : वसईच्या संदर्भात

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायती संस्कृतीत बावखळास महत्त्वाचे स्थान आहे. पावसाचे व जमिनीतून झिरपणारे पाणी साठविणाऱ्या या तळ्यांवर केळी, भाजीपाला व फुलांच्या वाड्या पोसल्या गेल्या. वाढत्या नागरीकरणात अनेक बावखळे बुजविली गेली. त्यामुळे परसात बदके पाळणाऱ्यांपुढे बहुधा टाके किंवा टब हाच पर्याय उरतो. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार केला आहे.

बदकास पाणी केवळ पिण्यासाठी लागत नाही. डोके बुडवून ते डोळे व नाकपुड्या स्वच्छ करते. आंघोळीनंतर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेलकट स्राव पिसांवर पसरविते. मात्र त्याच पाण्यात विष्ठा व अन्नकण मिसळतात. नत्र व स्फुरद वाढून शेवाळ माजते, प्राणवायू घटतो. उन्हाळ्यात कुजलेल्या गाळात बोट्युलिझमचे विष निर्माण झाल्यास बदकांच्या माना लुळ्या पडतात व ती दगावतात.

बावखळाचे पाणी वाडीसाठी उपसले जाई आणि त्याची जागा नवा झिरपा घेई. टाक्यात हे चक्र पालकालाच फिरवावे लागते. त्यासाठी डोके पूर्ण बुडेल इतकी खोली, चढण्यास खडबडीत उतार आणि तळाशी निचऱ्याची सोय असावी. लहान टब रोज रिकामा करून ते पाणी केळी-नारळीच्या आळ्यात सोडावे. डासांची पैदासही त्यामुळे रोखली जाते. खाद्य पाण्यापासून दूर ठेवावे.

सारांश, बदकांची संख्या टाक्याच्या आकारावर नव्हे, तर रोज बदलता येणाऱ्या पाण्यावर ठरवावी. शिल्लक बावखळांनाही हाच नियम लागू होतो. भूजल पुनर्भरणाचे हे साधन जपावयाचे असल्यास त्यात बदकांची गर्दी करणे इष्ट नाही.