सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड नेमकं कधीचं? साल ठरवतात तरी कसं?

होनस वॅग्नर या अमेरिकी बेसबॉलपटूचं, सिगारेटच्या पाकिटातून आलेलं एक कार्ड २०२२ मध्ये तब्बल ७२.५ लाख डॉलरना विकलं गेलं. ते १९०९ ते १९११ दरम्यानच्या मालिकेतलं. त्याहूनही जुनी कार्डं आहेत, पण त्यांपैकी अनेकांवर छपाईचं सालच नाही. घोळ तिथेच होतो.

पाकिटात कार्ड का आलं?

तेव्हा अमेरिकेत सिगारेट पातळ कागदी पाकिटात मिळायची. ती चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. १८८१ मध्ये जेम्स बॉन्सॅकला सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. उत्पादन वाढलं, स्पर्धाही वाढली. मग या तुकड्यावर नट्या, खेळाडू झळकू लागले. संच पूर्ण करायचा तर तोच ब्रँड पुन्हा घ्यावा लागे.

१८७५ चा दावा खरा आहे का?

रिचमंडच्या ‘ॲलन अँड गिंटर’ कंपनीने १८७५ पासून खेळाडूंची आणि मूलनिवासी प्रमुखांची कार्डं काढली, असं इंटरनेटवर वारंवार वाचायला मिळतं. पण या कंपनीची ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ ही ५० कार्डांची मालिका १८८७ ची आणि ‘अमेरिकन इंडियन चीफ्स’ १८८८ ची आहे. म्हणजे फरक तब्बल दशकभराचा.

मग साल कसं कळतं?

• घटनेवरून : न्यूयॉर्कच्या थॉमस एच. हॉल या तंबाखू उत्पादकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची कार्डं काढली. गारफिल्ड विरुद्ध हॅनकॉक ही लढत १८८० ची. निकालानंतर हरलेल्या उमेदवाराचं कार्ड कोण जपणार? त्यामुळे ही कार्डं त्याच वर्षीची.

• व्यक्तीवरून : ‘ओल्ड जज’ ब्रँडच्या एका कार्डावर बेसबॉलपटू केलीच्या नावाआधी १०,००० डॉलर असा आकडा आहे. शिकागोने त्याला याच किमतीला बोस्टनकडे सोपवलं ते १८८७ मध्ये. म्हणजे कार्ड त्याआधीचं असूच शकत नाही.

• बाजारावरून : १८९० मध्ये पाच मोठ्या कंपन्या एकत्र येऊन ‘अमेरिकन टोबॅको’ झाली. स्पर्धाच उरली नाही, तशी कार्डंही रोडावली. म्हणूनच जुन्या मालिकांची गर्दी १८८६ ते १८९० दरम्यान दिसते.

यादी कुणी केली?

सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी. त्यांच्या सूचीत १९ व्या शतकातल्या तंबाखू कार्डांना ‘एन’ आणि २० व्या शतकातल्यांना ‘टी’ हे अक्षर आहे. वॅग्नरच्या मालिकेला संग्राहक आजही ‘टी २०६’ म्हणतात. बर्डिक यांनी जमवलेले तीन लाखांहून अधिक छापील नमुने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

लक्षात काय ठेवायचं?

नक्की साल सांगता येणाऱ्या सर्वांत जुन्या कार्डांमध्ये हॉलच्या १८८० च्या कार्डांचा समावेश होतो. ऑनलाइन विक्रेता ‘१८७५ चं’ म्हणून कार्ड दाखवत असेल, तर त्याला एकच विचारा : कार्डावरच्या कोणत्या गोष्टीवरून?