नुसता खोकला म्हणू नका!

“अहो वहिनी, नुसता खोकला आहे. गौरी झाल्या की दाखवते डॉक्टरांना.” २०१९ च्या सप्टेंबरात सांगलीहून धाकट्या नणंदेचा फोन आला. मीही साताऱ्यात बसून सांगितलं, “हळदीचं दूध घेत जा.” तिथेच चुकलं माझं.

आदल्या वर्षी तिला किडनी बसवली होती. दिली सासूबाईंनी. आईची असली तरी शरीराला ती परकीच! शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी करतात.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातलं तिचं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्याजणी चिखल काढायला गेलो. भिंतींवर काळी बुरशी, गाद्यांना कुबट वास. पदर खोचून तीही खराटा घेऊन उभी. आम्ही कुणी अडवलं नाही. बुरशीचे बारीक कण श्वासावाटे सगळ्यांच्याच फुप्फुसात जातात, आपलं शरीर ते निपटून काढतं. तिच्या शरीराला ते जमलं नाही.

अंगात जेमतेम कणकण, म्हणून कुणी घाबरलं नाही. या गोळ्यांनी तापही दबून राहतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात बुरशीचा संसर्ग निघाला. तीन आठवडे दवाखाना, पुढे कित्येक महिने औषधं. वाचली, हे नशीब.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात असा पेशंट असेल तर खोकला, कणकण, धाप दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. न्यूमोनिया, टीबीचाही धोका असतो. काढे, मेडिकलमधली परस्पर आणलेली औषधं नकोत. काही औषधांनी त्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, काहींनी घटतं. गोळ्या मनाने बंद करू नका, बसवलेली किडनी जाऊ शकते. फ्लू, न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. जळमटं काढणं, धान्य पाखडणं, शेणखत हलवणं ही कामं त्यांना देऊ नका.

आता दिवाळीच्या झाडलोटीआधी मी तिला साताऱ्याला बोलावून घेते. ती शंकरपाळ्या कापते आणि कुरकुरते, “मला काही कामच ठेवलं नाहीत, वहिनी!”

कुरकुरू दे. सासूबाई मात्र शेजारी बसून तिच्या गोळ्यांची वेळ बघत असतात.